नरसिंह मोहितेचा नववा गोल

नरसिंह मोहिते मैदानावर फारसा धावत नसे. हे आधीच सांगून टाकतो, कारण गाझियाबादच्या बाजूला ‘व्हिक्टरी मेडोज’ नावाच्या वसाहतीच्या फाटकावर त्याचं जे दहा फुटी चित्र लावलं आहे, त्यात तो धावतो आहे. कपाळावर घामाचे थेंबही काढले आहेत. सात मोसम मी त्याला अगदी जवळून पाहिलं. मला त्याचा घाम आठवत नाही.

तो उभा असे. बाकीचे जण दिल्लीच्या हिवाळ्यातली धूळ खात मैदान तुडवायचे आणि हा समोरच्या गोलपासून चार पावलांवर, कमरेवर हात ठेवून, बसची वाट बघावी तसा उभा. बॉल कोणाकोणाच्या नडग्या फोडून तिथवर यायचा. मग हा पाय लावायचा. बॉल आत आणि त्याचे दोन्ही हात वर. हात वर करण्यात मात्र त्याच्याइतका चपळ माणूस मी पाहिला नाही. जाणकार म्हणत, नेमक्या वेळी नेमक्या जागी असणं हीच सेंटर फॉरवर्डची कला. असेल. मी स्वतः कधी खेळलेलो नाही.

आमचा क्लब ‘राजधानी स्पोर्टिंग’. सचिवालयात अधीक्षक असलेल्या अण्णासाहेब देवधरांनी १९५७ साली करोलबागेतली आणि पहाडगंजातली मराठी मुलं जमवून तो काढला. पुढे त्यात गढवाली आले, बंगाली आले, जुन्या दिल्लीतले मुसलमान खेळाडू आले, आणि क्लब दिल्लीच्या लीगमध्ये वरच्या विभागात गेला. कारभार मात्र मराठीच राहिला. म्हणजे घटना, इतिवृत्तं, नोंदवह्या सगळं चोख, आणि सामन्यानंतर प्रत्येक खेळाडूला एक केळं.

मी बी. कॉम. होऊन एका सरकारी महामंडळात लागलो, तेव्हा अण्णासाहेबांनी मला बोलावून क्लबची गोलवही माझ्या हातात दिली. माझं अक्षर चांगलं आहे, एवढंच कारण त्यांनी सांगितलं. लाल कापडी पाठीची लांबट वही होती ती. तारीख, समोरचा संघ, गोल कोणाचा, पायाने की डोक्याने, शेरा, असे रकाने. सामना संपला, खेळाडू तंबूत बूट सोडत बसले, की मी वही उघडून मोठ्याने विचारायचो, “गोल कोणाचा?” ज्याचा असेल तो आपलं नाव सांगायचा, मी लिहायचो आणि कर्णधार सही करायचा. लीगचे रेफरी फक्त किती गोल झाले ते लिहीत. कोणी केले, हे आमच्या वहीखेरीज कुठेच नसे. नोंदीबद्दल तक्रार असेल तर आठ दिवसांत तोंडी सांगायची सोय होती. माझ्या काळात एकही तक्रार आली नाही. आपल्या गोलसाठी आपणच भांडणं हे आमच्या लोकांत हलकं समजलं जायचं.

या पद्धतीत मी माझा एक नियम घातला होता. मी डोळ्यांनी काय पाहिलं ते लिहायचं नाही. खेळाडू जे बोलेल तेच लिहायचं. आमच्या खात्यात व्हाउचरशिवाय नोंद होत नाही, तसं. या नियमाचा मला अभिमान होता.

नरसिंहचं घराणं ग्वाल्हेरकडचं. वडील हिंदूरावच्या इस्पितळात कंपाउंडर, राहायला तिथलेच क्वार्टर्स. पहाडगंजच्या मराठी शाळेत तो आणि सुधाकर केळुसकर एका बाकावर बसायचे, आणि पुढे दोघं एकाच वर्षी क्लबात आले. सुधाकर उजव्या कडेने खेळायचा. अंगाने किडकिडीत, पण एकदा सुटला की समोरच्या बॅकला त्याची पाठच दिसायची. कॉलेज अर्धवट सोडून तो कापडगिरणीत दुपारपाळीला लागला होता. त्यामुळे सामना संपला की तंबूत न येता, बूट सायकलच्या हँडलला अडकवून तो तसाच निघायचा. त्याचं केळं बहुतेक वेळा नरसिंह खायचा. खाऊन झालं की शेजारी जो असेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची नरसिंहला सवय होती. हात पुसण्याचीच ती एक तऱ्हा होती, हे मला बऱ्याच शर्टांनंतर कळलं.

आता त्या गोलबद्दल.

जानेवारी १९८४. मोसमाचा शेवटचा सामना. एका सरकारी बँकेला खेळाडू म्हणून एक माणूस नोकरीत घ्यायचा होता आणि अण्णासाहेबांच्या ओळखीने त्यांनी आमच्याकडे नाव मागितलं होतं. मोसमात सर्वांत जास्त गोल करणाऱ्याचं नाव, क्लबच्या प्रमाणपत्रासह. त्या दिवसापर्यंत सुधाकरचे आठ गोल होते आणि नरसिंहचेही आठ. दोघांनाही हे ठाऊक होतं. मलाही होतं.

मी समोरच्या गोलच्या मागे, लिंबाच्या फोडींचा डबा घेऊन बसलो होतो. खेळ संपायला थोडा वेळ उरला असताना सुधाकर कडेने आत आला आणि त्याने तिरका फटका मारला. गोलकीपर पडला. बॉल त्याच्या हाताखालून सुटला, रेषेच्या हातभर आत आला, आणि जाळ्याला लागायच्या आत नरसिंह पळत आला (त्याला पळताना मी तेव्हाच पाहिलं) आणि त्याने त्या बॉलवर पाय हाणला. जाळं हललं. हात वर गेले. मी इतका जवळ होतो की बॉलची शिवण मला दिसत होती. बॉल आधीच आत होता.

सामना आम्ही जिंकलो. सुधाकर सायकलवर बसून गिरणीत गेला. तंबूत मी वही उघडून विचारलं, “गोल कोणाचा?”

“माझा,” नरसिंह म्हणाला. मान खाली होती, नाडी सोडत होता.

एका गढवाली हाफबॅकने माझ्याकडे पाहिलं आणि मग केळं सोलायला घेतलं. मी पुढचा प्रश्न विचारला, पायाने की डोक्याने. पायाने, असं तो म्हणाला. तेवढं तरी खरं होतं. मी लिहिलं.

सुधाकर गुरुवारी आला. वही उघडून त्याने ते पान पाहिलं. तक्रारीला अजून दिवस आहेत, हे मी त्याला सांगितलं.

“तू गोलच्या मागे होतास ना, राघव?” त्याने विचारलं.

होतो, मी म्हणालो, पण माझा नियम तुला ठाऊक आहे. तू सांग, म्हणजे मी लिहितो.

“स्वतःच्या तोंडाने कसं सांगायचं रे, गोल माझा म्हणून?” असं म्हणून त्याने वही मिटली, नीट दोरी बांधली आणि कपाटात ठेवून दिली. आठ दिवस उलटले. अण्णासाहेबांनी माझी नोंद बघून प्रमाणपत्रावर सही केली, आणि बँकेची जागा नरसिंहला मिळाली.

बँकेच्या संघात तो पाच वर्षं खेळला. मध्ये दोन मोसम कलकत्त्याच्या एका क्लबाने त्याला नेलं. तिथे तो बहुतेक काळ बाकावर बसून होता, पण परत आला तो ‘कलकत्ता खेळलेला’ म्हणून. मग गुडघा गेला. फायनलमध्ये गेला असं तो सांगतो. क्वार्टरच्या जिन्यावरून पडला, असं त्याच्या आईने माझ्या आईला सांगितलं होतं. खेळ सुटल्यावर त्याने ब्लेझर शिवला आणि बँकेच्या क्रीडा विभागात बसायला लागला. १९९२ साली अण्णासाहेब थकले, तेव्हा आमच्या क्लबचा सचिवही तोच झाला. दुसऱ्या कोणी अर्जच भरला नाही. आपणहून पद मागणं हेही आमच्यात हलकंच.

या सगळ्या वर्षांत तो गोल वाढत होता. वहीत तो पायाने केलेला होता. बँकेच्या वार्षिक अंकात तो वीस यार्डांवरून झाला. सचिव झाल्यावर सत्काराच्या भाषणात तो डोक्याने झाला. पुढे त्यात सुधाकरचा क्रॉस आला, मग धुकं आलं, मग नरसिंहच्या कपाळाला पडलेले तीन टाके आले. प्रत्येक खेपेला मी पहिल्या दोन रांगांत कुठेतरी बसलेलो असायचो आणि टाळ्या वाजवायचो. न वाजवून करणार काय, शेजारचा बघत असतो.

तेवढ्यात घरोघर केबल आली. लोक परदेशातले सामने पाहायला लागले आणि नरसिंहच्या ध्यानात आलं की ज्याला फुटबॉल खेळता येत नाही, त्यालाही तो विकता येतो. आमच्या पोरांच्या पाठीवर एका थंड पेयाचं नाव आलं. इतिवृत्तात ‘ब्रँड’ आणि ‘व्हिजन’ हे शब्द आले. ते मला माझ्या अक्षरात लिहावे लागले. मोबाइल निघाला तेव्हा त्याने पहिल्याच वर्षी घेतला आणि कार्यकारिणीच्या बैठकीत तो टेबलाच्या मधोमध समईसारखा उभा करून ठेवायचा. खेळाडूंची केळी बंद होऊन पदाधिकाऱ्यांचे सामोसे सुरू झाले. खांद्यावरचा हात आता तेलकट असे.

२००१ साली बँकेने स्वेच्छानिवृत्ती काढली. त्याने ती घेतली आणि गर्गजी नावाच्या बिल्डरकडे ‘उपाध्यक्ष, क्रीडा’ म्हणून रुजू झाला. गर्गजी गाझियाबादच्या पुढे, जिथे आदल्या वर्षापर्यंत मोहरीची शेतं होती, तिथे चौदा मजली इमारती उभ्या करत होते. वसाहतीला स्वतःचं मैदान, स्वतःची अकादमी आणि स्वतःचा लीगमधला संघ असला तर फ्लॅट लवकर जातात, हे त्यांना नरसिंहने पटवलं. संघ तयार करायला वर्षं लागतात. तयार संघाचं नाव बदलायला एक सभा पुरते.

ती सभाही मी पाहिली. ‘राजधानी स्पोर्टिंग’चं ‘व्हिक्टरी मेडोज एफ. सी.’ करायचा ठराव होता. प्रत्येक सभासदाच्या खुर्चीवर एक पाकीट ठेवलेलं, त्यात वसाहतीच्या पोहण्याच्या तलावाचं आजीव कार्ड. पन्नाशी-साठीची ती माणसं. त्यांतल्या निम्म्यांना पोहता येत नव्हतं, आणि बहुतेकांना तिथवर जायला दोन बस बदलाव्या लागल्या असत्या. हात भराभर वर झाले. सत्त्याऐंशीचे अण्णासाहेब कानातलं यंत्र चाचपत विचारत होते, काय ठरलं. कोणीतरी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं की क्लब मोठा झाला. त्यांनीही हात वर केला. माझंही कार्ड अजून पाकिटात आहे.

आणि सुधाकर? १९९६ साली त्याची गिरणी बंद पडली. काही दिवस त्याने कुरिअर वाटलं, मग गाझियाबादेत एका खाजगी शाळेत कंत्राटावर खेळाचा मास्तर झाला. दोन भाड्याच्या खोल्या, बायको विनया शिकवण्या घेते, मुलगी बारावीला. २००४च्या मार्चमध्ये ते कंत्राट संपणार होतं, कारण शाळेला आता पदविका असलेला मास्तर हवा होता. सुधाकरकडे पदविका नव्हती. उजव्या पायाखेरीज काहीच नव्हतं, आणि तोही पंचेचाळिशीचा. व्हिक्टरी मेडोजच्या अकादमीला मुख्य प्रशिक्षक हवा होता. कायमची नोकरी आणि राहायला तिथेच दोन खोल्या. सुधाकरने नरसिंहकडे अर्ज केला. नरसिंहने त्याला तीन वेळा बोलावलं आणि तिन्ही वेळा बाहेरच्या सोफ्यावर बसवून परत पाठवलं.

जानेवारीत नरसिंह मयूर विहारला माझ्या घरी आला. फुटबॉल सोडल्यापासून तो माझ्याकडे फक्त कामासाठीच यायचा, त्यामुळे मी चहा टाकायला सांगून वाट पाहत बसलो. त्याला गोलवही हवी होती. क्लबहाउसच्या दालनात, काचेच्या पेटीत, त्या पानावर उघडून ठेवायची होती. फेब्रुवारीत मैदानाचं उद्घाटन होतं आणि त्या दिवशी मी स्टेजवरून ती नोंद वाचून दाखवावी, अशी त्याची इच्छा होती.

मी वही काढून दिली. त्याने पान शोधलं आणि बोट ठेवलं.

“राघव, हे ‘पायाने’ आहे यार. ब्रोशरमध्ये डोक्याने आहे. हे डोक्याने कर.”

मी म्हणालो, आयुष्यात मी खाडाखोड केलेली नाही.

“खाडाखोड कोण म्हणतंय? करेक्शन म्हण. ऑफिसात करता ना तुम्ही लोक? तुझंच अक्षर, तुझीच शाई. एक शब्द आहे.”

मी ठाम राहिलो. माझा आवाज जरा चढला असावा, कारण बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नोंद म्हणजे नोंद, तीत अक्षर बदलणार नाही, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो हसला. म्हणाला, ठीक आहे, त्या रकान्यावर एक छानसं कार्ड ठेवून झाकून टाकू. बिस्किट खाऊन त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बाकीचा बेत सांगितला. उद्घाटनाला मैदानावर तो गोल पुन्हा करून दाखवायचा होता. सुधाकर कडेने क्रॉस देणार आणि हा डोकं लावणार. गोल झाला की तिथेच स्टेजवर गर्गजींच्या हातून सुधाकरला नेमणुकीचं पत्र.

“बघ, जुन्या दोस्ताला विसरलो नाही,” तो म्हणाला.

तो गेल्यावर मी शर्ट बदलला. शिसारी आली होती, आणि ती नुसती त्याची नव्हती. गोल कोणाचा, हे धडधडीत खोटं मी एका शब्दाने हरकत न घेता लिहून ठेवलं होतं. वीस वर्षांनी त्यातला एक शब्द बदलायची वेळ आली, तेव्हा मला तत्त्व आठवलं होतं.

मी सुधाकरकडे गेलो. स्टेजवर मला माइक मिळणार आहे, मी खरं काय ते सांगून टाकतो, असं म्हणालो. विनया पोळ्या करत होती, लाटणं थांबलं. सुधाकर जमिनीकडे बघत होता.

“वीस वर्षं तुझा नियम होता, राघव,” तो म्हणाला. “अजून एक रविवार पाळ.”

विनया वळली नाही. तिने तव्यावरची पोळी उलटली आणि मला विचारलं, भाऊजी, जेवूनच जाणार ना. मी जेवलो.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, तालीम झाली. मैदान म्हणजे रोपवाटिकेतून गुंडाळून आणलेल्या गवताच्या पट्ट्या. दोन दिवसांपूर्वी अंथरलेल्या आणि इतकं पाणी मारलेलं की पाय ठेवला की पचपच आवाज. नऊ नंबरची जर्सी नरसिंहच्या पोटावर मावत नव्हती म्हणून खास शिवून घेतली होती. गोलमध्ये नव्या संघाचा गोलकीपर उभा होता. त्याला हलायचं नाही असं सांगितलेलं. सुधाकर साध्या कॅनव्हासच्या बुटांत कडेला उभा राहिला आणि त्याने बॉल टाकला. सरळ नरसिंहच्या कपाळावर. नरसिंहने डोळे मिटले आणि बॉल त्याच्या कानाला लागून बाहेर गेला. दुसरा नाकाला लागला. तिसऱ्याला त्याने मानच आत घेतली. असे सात झाले. सातही बॉल ताटात वाढावेत तसे आले होते. कपाळाला तीन टाके पडलेला हा माणूस, त्याला बॉल डोक्याला लागायची भीती वाटत होती.

कामगार फावड्यांवर रेलून बघत होते. नरसिंहने कान चोळत सुधाकरला जवळ बोलावलं. माझ्यापासून पाच हातांवर होते दोघं.

“वय झालं तुझं, सुध्या. बॉल उद्या नीट डोक्यावर आला नाही, गोल झाला नाही, तर लेटरचं विसर. गर्गजींना मी काय तोंड दाखवू?”

सुधाकर बरं म्हणाला.

रविवारी अकरा वाजता मंत्री आले. शामियान्यात फ्लॅट घेतलेली आणि घेऊ पाहणारी कुटुंबं होती. आयटीतली तरुण जोडपी, पुण्या-मुंबईहून आलेलीही पुष्कळ. कडेवर मुलं, हातात शीतपेयाचे कागदी पेले. तिसऱ्या रांगेत विनया लग्नातलं पातळ नेसून बसली होती. मी स्टेजवर, मांडीवर वही. गर्गजींच्या पुढ्यात निळं फोल्डर होतं, त्यात पत्र. माइकवाल्याने हिंदी-इंग्रजीत सांगितलं की आता आपण वीस वर्षांपूर्वीचा इतिहास पुन्हा घडताना बघणार आहोत.

सुधाकर कडेने धावत आला. पंचेचाळिशीतही तो तसाच धावत होता, याचं मला वाईट वाटलं. नरसिंह गोलसमोर चार पावलांवर, कमरेवर हात ठेवून उभा होता. सुधाकरने मान वर करून एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा गोलकडे, आणि क्रॉस दिलाच नाही. त्याने फटका मारला. बॉल नरसिंहच्या डोक्यावरून चांगला हातभर उंच गेला आणि लांबच्या कोपऱ्यात जाळ्यात बसला. गोलकीपर, सांगितल्याप्रमाणे, हलला नाही. नरसिंहने डोळे मिटून मान झटकली होती. त्याने जाळ्याचा आवाज ऐकला, डोळे उघडले, आणि दोन्ही हात वर केले.

शामियाना उभा राहिला. “क्या हेडर मारा है मोहिते जी ने,” माइकवाला ओरडला. मंत्र्यांनी टाळ्या वाजवल्या. काय बघायचं ते ठाऊक नसेल, तर शंभर पावलांवरून कोणाला काय दिसणार. ज्याचे हात वर, त्याचा गोल.

नरसिंह स्टेजवर आला, धापा टाकत, आणि माइक हातात घेऊन त्याने लोकांना आमच्या क्लबची जुनी पद्धत सांगितली. हे आमचे राघवजी, प्रत्येक गोल विचारून लिहितात, अशी यांची शिस्त. आजचाही गोल त्यांनी याच वहीत लिहावा. लोक हसले. त्याने माइक माझ्यापुढे धरला.

सुधाकर तेवढ्यात स्टेजच्या पायरीपाशी येऊन उभा राहिला होता. बुटांना ओली माती. १९८४ साली तंबूत तो नव्हता, आज होता. मला वाटलं, नियम पाळूनही एक वाट आहे. मी वही उघडली आणि नरसिंहकडे न बघता, सुधाकरकडे बघून विचारलं.

“गोल कोणाचा?”

त्या एका क्षणी नरसिंहच्या चेहऱ्यावर मी खरी भीती पाहिली, आणि सांगायला लाज वाटते, मला बरं वाटलं.

सुधाकरने गर्गजींच्या पुढ्यातल्या निळ्या फोल्डरकडे पाहिलं.

“मोहितेसाहेबांचा,” तो म्हणाला. आणि मी विचारायच्या आत पुढे म्हणाला, “डोक्याने.”

मी लिहिलं. तारीख, समोरचा संघ नाही म्हणून आडवी रेघ, नाव, डोक्याने. गर्गजींनी पत्र दिलं, फोटो निघाले. फोटोत नरसिंहचा हात सुधाकरच्या खांद्यावर आहे.

नंतर जेवणाच्या मंडपामागे सुधाकर वाळक्या काटकीने बुटांची माती काढत बसला होता. मी त्याच्यापाशी उभा राहिलो. काही विचारलं नाही, त्यानेच सांगितलं.

“काल बघितलंस ना? डोक्यावर दिला असता तर त्याने चुकवलाच असता. गोल झाला नसता, नोकरी गेली असती. म्हणून सरळ मारला.”

“आणि त्याला लागला नाही हे सगळ्यांना दिसलं असतं तर?”

“तो हात वर करणार हे मला ठाऊक होतं,” सुधाकर म्हणाला. “त्याच्याबरोबर सात वर्षं खेळलोय. आणि एकदा गोल त्याने घेतला, की क्रॉस वाईट होता असं कुठल्या तोंडाने म्हणणार?”

हिशेब अचूक होता. त्यात चूक काढता येत नाही, आणि म्हणूनच मला तो सहन होत नाही. विनया ताट घेऊन आली आणि तिने आम्हा दोघांना जिलेबी वाढली.

याला सहा वर्षं झाली. सुधाकर तिथेच आहे, दोन खोल्यांत. मुलीचं शिक्षण झालं, लग्न झालं. मुलांना तो चांगलं शिकवतो असं सगळे म्हणतात. मी एकदाच मुद्दाम बघायला गेलो. दहा-बारा वर्षांच्या पोरांकडून तो गोलसमोर सराव करून घेत होता. एका मुलाने लांबून मारलेला बॉल आत गेला आणि तो मुलगा नुसता बघत उभा राहिला. सुधाकर लांबून ओरडला, “हात वर कर! आधी हात वर!” त्या मुलाने भांबावून हात वर केले. मी बाकीचा सराव पाहिला नाही.

नरसिंह आता दिल्लीतल्या फुटबॉल संघटकांच्या एका समितीवर आहे आणि प्रामाणिक खेळ या विषयावर शाळांतून भाषणं देतो. वही क्लबहाउसमध्ये काचेच्या पेटीत आहे. १९८४च्या नोंदीवर कार्ड ठेवायची गरज उरली नाही. त्यांनी नवं पान उघडून ठेवलं आहे. त्यावर सगळं जुळतं. नाव, रकाना, तारीख, आणि खाली, कर्णधाराच्या सहीच्या जागी, साक्षीदार म्हणून माझी सही.

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतो आहे. नरसिंहचा फोन आला होता, क्लबहाउसमध्ये छोटासा सत्कार ठेवू या, तू नाही म्हणायचं नाहीस. मी नाही म्हणालो नाही.